पाटावरची कादंबरी

अनसिंगच्या रत्नमालाला मनातल्या मनात वाचता येत नाही. सातवीत शाळा सुटली आणि त्यानंतर हातात आल्या त्या पोथ्याच. पोथी वाचायची म्हणजे अंघोळ करून, देवापुढे पाट मांडून, मोठ्यानं, रोज एक अध्याय. अध्याय लावला की मधे उठायचं नाही, दारात कोणी कितीही हाका मारो. तिची लेक निकिता शाळेच्या वाचनालयातून पोरासोरांच्या कादंबऱ्या आणू लागली, तेव्हा पोरगी काय वाचते ते तरी पाहावं म्हणून रत्नमालानं एक उचलली. तीही तशीच वाचली. पाटावर ठेवून, चाल लावून.

"आई, गोष्टीचं पुस्तक आहे ते, आरती नाही!" निकिता हसून हसून लोळली.

"अक्षर देवाचंच असते. तू गप बस."

त्या पहिल्या पुस्तकात चार पोरं सुट्टीभर जंगलात हिंडत होती. रत्नमालाचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला. "यायच्या आया काय करून राह्यल्या वं? एकाही पोट्ट्यानं अजून भाकर खाल्ली नाही." पुस्तकात जेवणं लिहीत नसतात, असं निकितानं समजावलं, तर म्हणे, निदान डबा तरी दाखवावा माणसानं. दुसऱ्या पुस्तकातल्या पोराचा कुत्रा हरवला, तेव्हा तिनं मारुतीला नारळ बोलला. कुत्रा सापडला. शनिवारी नारळ फुटला, गल्लीत खोबरं वाटलं गेलं. कशाचं, ते मात्र कोणाला सांगितलं नाही.

शेजारच्या विमलबाईंना आता डोळ्यांनी कमी दिसतं. वाचण्याचा सूर ऐकून त्या एका सकाळी आल्या, पाटाला नमस्कार केला, झेंडूचं फूल वाहिलं आणि पुस्तकाला कुंकू लावलं. ते नेमकं वाचनालयाच्या शिक्क्यावर लागलं.

"कोन्या देवाची पोथी वं, रत्ना?"

"देवाची नाही, काकू. एका पोट्टीची आहे. सरू नाव तिचं. नदीत पोहते."

विमलबाईंनी जरा विचार केला. "देवी कोन्याही रूपात येते, बाप्पा. वाच."

तेव्हापासून त्या रोज यायला लागल्या.

ही सरू नदीकाठच्या गावातली. पोहण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिला जिल्ह्याच्या स्पर्धेचं बोलावणं आलं आणि नेमकं त्याच वेळी घरात चुलतबहिणीचं लग्न निघालं. आईनं सांगितलं, जायचं नाही. रत्नमाला वाचता वाचता थांबून पुस्तकालाच ओरडली, "जाऊ दे ना वं तिले! सरूवाचून हळद लागत नाही काय?"

निकिता स्वयंपाकघराच्या दारात शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली.

"सरूले जाऊ दे म्हणतेस. मंग मले काहून नाही?"

निकिताची खो-खोच्या संघात निवड झाली होती. सामने अकोल्याला होते आणि ते आले होते नेमके महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. सासूच्या वेळेपासून या घरात महालक्ष्म्या उभ्या राहतात. लेक एकुलती. दारापासून मखरापर्यंत रांगोळीची पावलं काढायची तिनंच, अन् जेवणाच्या दिवशी पंगतीत वाढायचंही तिनंच. रत्नमालानं नाही म्हटलं होतं आणि पोरगी भांडलीही नव्हती.

"ते पुस्तक आहे," रत्नमाला म्हणाली.

"कालपर्यंत तं पोथी होती."

विमलबाई पदरात हसल्या. रत्नमालानं पुस्तक मिटलं. अध्याय संपलाच होता म्हणा. संध्याकाळी तिनं आपण होऊन विचारलं, सणाला नवा ड्रेस घ्यायचा का? निकिता म्हणाली, "काही नको. आहे तो चालते." पोरगी समजूतदार झाली, असं वाटून रत्नमालाला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा अध्याय होता, आणि त्याच संध्याकाळपर्यंत निकितानं खेळाच्या सरांना काय ते कळवायचं होतं. रत्नमालाला वाटलं होतं, सरू पहाटे पळून जाईल, नाहीतर मामा येऊन भांडेल. तसलं काही झालं नाही. सरू घरीच राहिली. हळद लावली, पंगतीत वाढलं. नंतर आईनं विचारलं, जत्रेतून काय आणू? सरू म्हणाली, "काही नको."

रत्नमाला तिथंच थांबली. तिनं पुस्तक पालथं घातलं.

"अध्याय अर्धा सोडत नसतात, रत्ना," विमलबाई म्हणाल्या.

नियम तो नियम. उरलेलं पान तिनं कसंबसं वाचलं. सरू घाटावर कपडे धूत होती, आणि पाण्याकडे बघत नव्हती. संपलं.

"हाव वं बाई! असा शेवट कायले लिहिला?" विमलबाई चिडल्या. "म्या फूल वाहिलं होतं याच्यावर!"

रत्नमाला उठून स्वयंपाकघरात गेली. निकिता खाली मान घालून अंबाडी निवडत होती.

"सरायले फोन लाव. येते म्हण."

"अन् महालक्ष्म्या?"

"त्या येतीन त्या दिवशी पावलं तू काढ. दुसऱ्या दिवशी पहाटे जाय. सोळा भाज्या मी अन् काकू निवडतो."

"मले दिसत नाही अन् मले भाज्या निवडायले बसवते!" विमलबाई बाहेरून ओरडल्या. "अळी शिजली तं देवीले तूच सांगजो."

जेवणाच्या दिवशी पहाटे निकिता बूट हातात घेऊन भिंतीच्या कडेकडेनं बाहेर पडली, एकही पाऊल न पुसता. रत्नमालानं मखरापुढं हात जोडले. तू आत ये, अन् तिच्या पाठीशीही राहा, एवढंच म्हटलं. दुपारी पुरणाची पहिली पोळी देवीची झाली, मग एक झाकून ठेवली.

निकिता परत आली ती दुसऱ्याच सामन्यात हरून. गुडघा खरचटलेला, आवाज बसलेला. झाकलेली पोळी तुपात बुडवून खाता खाता म्हणाली, "आई, मले नवे बूट पाहिजे. हे घसरतात. अन् ड्रेस पण पाहिजे. अन् दिवाळीत मामाच्या इथं मालेगावले जायचं आहे. अन् एक सायकल..."

"सायकल काही भेटत नाही," रत्नमाला म्हणाली. "ड्रेसचं पाहू."

"काहून नाही भेटत?"

निकिता चांगली तासभर भांडली. रत्नमाला तिच्या ताटात तूप वाढत राहिली आणि शेवटी म्हणाली, "हे सरूचं पुस्तक वापस कर बाई. दुसरं आण. अन् त्यातल्या पोट्टीले भांडता येते का, ते आधी पाहून घे."