अश्विनीताईचा तास

कुणी 'कळलं' म्हटलं की अश्विनीताई भडकायची. "कळलं म्हणू नगंस! ऊठ, फळ्यावर करून दाव!" असं म्हणत ती खडू हातात कोंबायची.

सांगलीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या गणितात निम्मा वर्ग आडवा व्हायचा. विषय राहिलेले आम्ही सगळे कॉलेज सुटल्यावर मागच्या ड्रॉइंग हॉलमध्ये जमायचो आणि ताई शिकवायची. ती आमच्या एक वर्ष पुढे, कवठे महांकाळची. आवाज चढा, ओढणी कमरेला खोचलेली. तिचाही हाच विषय राहिला होता, पण ते ती लपवत नसे. "मीबी हितंच आपटले हुते. म्हणून मला ठावं हाय, तू कुठं अडकलीयास." 'हे सोपं आहे' म्हणून सर जी पायरी गाळायचे, नेमकी तिथंच ती थांबायची. लोणंदचा सागर तर कॉलेज सोडून घरी निघाला होता. ताईनं भर कँटीनमध्ये त्याची बॅग ओढून घेतली. "आदी ह्ये गणित सोडीव, मग जा रं कुठं जायाचं त्ये." सागर गेला नाही. पुढं पासही झाला.

मग तपासणी समिती आली. हॉलमध्ये कधी पाऊल न ठेवलेले गणिताचे सर समितीला घेऊन आले आणि म्हणाले, "हा आमचा उपक्रम. मी स्वतः मार्गदर्शन करतो."

ताई फळ्यापासून वळली. "सर, तुमी हितं कवा आलासा? आज पहिल्यांदाच बघतोय आमी तुमास्नी."

दुसऱ्या दिवशी हॉलला कुलूप. आम्ही पार्किंगच्या पत्र्याखाली बसू लागलो. ताई फरशीवरच गणितं लिहायची. तिच्या तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून तेच सर बसले आणि त्यांनी तिला जेमतेम काठावर पास केलं. टक्के घसरले आणि कॉलेजात आलेल्या कंपनीनं तिला मुलाखतीलाही बोलावलं नाही. पुढे कुपवाडच्या एका कारखान्यात, मिळाली ती नोकरी तिनं धरली. आजही हे आठवलं की माझं डोकं फिरतं. जिनं आम्हाला उभं केलं, तिला पाडायला एका माणसाची सही पुरली! आणि कॉलेजच्या माहितीपत्रकात तो 'उपक्रम' अजून छापतात, सरांच्या फोटोसकट.

शेवटची परीक्षा देऊन ती गावी निघाली, तेव्हा मी स्टँडवर गेले होते. "ताई, तक्रार करूया," मी म्हटलं.

"त्ये माझं मी बघते. तू आज पोरास्नी शिकीव."

"मला नाही जमायचं."

"राग आलाय न्हवं? मग जमतंय."

संध्याकाळी मी पत्र्याखाली उभी राहिले. खडू घेऊन फरशीवर गणित मांडलं. निम्मं गणित झालं, तेवढ्यात सर गाडी काढायला आले.

"कुणाच्या परवानगीनं चाललंय हे?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"सर," मी म्हटलं, "गाडी जरा कडेनं घ्या. फरशीवर गणित लिहिलंय."