राखणदाराचा वाटा

बाटली उघडली की काका पहिलं टोपणभर दारू कोपऱ्यात शिंपडायचे, ओलं बोट कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, "आदी तेचो वाटो, मगे माझो." हा 'तो' म्हणजे राखणदार. कोकणात गावाची राखण करतो, दिसत नाही पण असतो. त्याला कोंबडं लागतं, विडी लागते आणि दारूही लागते. काकांचा राखणदार गाव सोडून त्यांच्याबरोबर मुंबईत नाहूरला आला होता आणि आमच्या बिल्डिंगमागच्या पिंपळाखाली एका दगडात राहत होता. भाडं नाही, मेंटेनन्स नाही, वर खाणंपिणं फुकट.

आमच्या बिल्डिंगीत निम्मी घरं मालवणकडची. त्यांच्यात कुठलंही काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. एकाने देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे सांगण्याचं काम काकांचं. नवी रिक्षा घेतली, काकांना बोलवा. पोरगं परीक्षेला बसलं, काकांना बोलवा. आवाज असा खणखणीत, की देवाला ऐकू आलं नाही म्हणायची सोय नव्हती.

आम्ही साताऱ्याकडचे, बौद्ध. काकांच्या समोरच्या दारात राहायला आलो तेव्हा घरी बुद्धवंदना झाली, खीर वाटली. संध्याकाळी काका उंबऱ्याबाहेर उभे. "तुमच्यात ह्या नसता, माका म्हायत आसा. मी भायरच रवतंय. पण नव्या घराक कोणीतरी सांगूक व्हया." आणि त्यांनी तिथूनच सांगितलं, की ह्या लेकरांनी घर घेतला हा, तेंका सांभाळ, वायट नजर भायरच्या भायर जावंदे. मागे एकट्या काकीच होत्या, त्यांनी एकटीने "व्हय म्हाराजा" म्हटलं. आमच्या घरात देव नाही, राखणदार नाही, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

गाऱ्हाणं झालं की काकांना क्वार्टर द्यायची. तो मान होता. बिल्डिंग मोठी, कामं बारा महिने, त्यामुळे काका रोज कुणाच्या ना कुणाच्या कामात. कुणी त्यांना दारुडा म्हणत नसे. दारुडा कोण, तर गटारात पडणारा, बायकोला मारणारा. काका ना पडायचे, ना शिवी द्यायचे. उलट प्यायल्यावर जास्तच नम्र व्हायचे आणि लहान पोरांनाही अहोजाहो करायचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, आणि तुम्हीही हसून सोडून दिलं असेल.

मला पहिल्यांदा भीती वाटली ती त्यांच्या हातांची. काका मुलुंडला एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होते. एका दाबात अख्खा गठ्ठा कापणारं पातं. एकदा सकाळी काकी दूध आणायला गेल्या होत्या आणि काका माझ्याकडे चहा प्यायला आले. कपबशी हातात घेतली तर कप बशीवर वाजायला लागला. थांबेना. त्यांनी हसून कप खाली ठेवला. "सकाळी हात निजलेले आसतत गो बाय. तेंका जागे करूक लागतत." घरी गेले, हात जागे करून आले आणि कामाला निघाले. हात जागे करायचं औषध कोणतं ते मला समजलं. मी दिवसभर त्या पात्याचाच विचार करत होते.

मग एक दिवस पातं बोटाला चाटून गेलं. बोट वाचलं, नख गेलं. काका घाबरून घरी आले आणि पिंपळाखाली जाऊन शपथ घेतली, आजपासून बंद. काकींनी त्या दिवशी शिरा केला, आम्हालाही वाटीभर आला.

तिसऱ्या दिवशी काकांना दरदरून घाम फुटला. अंगभर थरथर. भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून हाताने पुसायला लागले. भिंत स्वच्छ होती. मग मोरीकडे बोट दाखवून काकींना म्हणाले, "बापूस इलो हा. उभो आसा बघ. तेका बसाक पाट दी." काकांचे वडील जाऊन कैक वर्षं झालेली. काकींनी काय करावं? त्यांनी पाट मांडला.

खालच्या मजल्यावरचे आप्पा बिल्डिंगीतले सगळ्यांत वयस्कर. ते म्हणाले, "दारू ह्येणा सोडल्यान, पण राखणदाराचो वाटोय बंद झालो मा? तो कोपलो." लगेच बाटली आली. पिंपळाखाली धार धरली आणि उरलेलं तीर्थ म्हणून काकांच्या तोंडात घातलं. काका थोड्याच वेळात शांत झाले. घाम थांबला, मुंग्या गेल्या, आणि ते गाढ झोपले. सगळ्यांनी हात जोडले. मी शिकलेली बाई, विज्ञानाच्या गप्पा मारणारी, पण माझ्याही अंगावर काटा आला. डोळ्यांसमोर घडलेलं नाही कसं म्हणायचं?

त्यानंतर काकांचं पिणं म्हणजे कर्तव्य झालं. सोडायची सोयच उरली नाही. छापखान्याच्या मालकाने त्यांना मशीनवरून काढून गठ्ठे बांधायला बसवलं. जेवण कमी झालं, पाय काड्या, डोळे पिवळट. मी विचारलं, तर खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्या हातात काय नाय गो. मी थांबलंय तर बापूस घरात येता." हे सांगताना ते सारखे मोरीकडे बघत होते. माणूस घाबरून पितो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा सोडली. काकींशिवाय कुणाला न सांगता, कारण सांगितलं तर आप्पा बाटली घेऊन येतील. दोनच दिवसांनी भर दुपारी काकी माझ्या दारावर थापा मारायला लागल्या. मी गेले, तर काका पलंगाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेले, अंगावरच्या नसलेल्या मुंग्या झटकत. मला ओळखलं नाही. "ह्या बाईक भायर काढ, तिच्या मागसून बापूस लोकांक घेवन इलो हा," असं काकींना सांगायला लागले. माझ्या मागे कुणीही नव्हतं. तरी मी वळून पाहिलं.

गडबड ऐकून आप्पा आणि आणखी दोघे बाटली घेऊन आलेच. काकी दारात आडव्या उभ्या राहिल्या. एवढीशी बाई, कधी वर मान करून न बोलणारी.

"दिलंय मी तेका," त्या म्हणाल्या.

"कोणाक?"

"राखणदाराक. आज सकाळीच. आख्खी बाटली ओतलंय, एक थेंब मागे ठेवक नाय. पदर पसरून सांगितलंय, तुझो वाटो घे आणि माझ्या घोवाक सोड."

आप्पांचा चेहरा उतरला. बाईमाणसाने राखणदाराला दारू द्यायची पद्धतच नाही. "काय केलंस गो ह्या," ते म्हणाले.

"सकाळची दुपार झाली. ह्येंचे हात थांबले? मुंगये गेले?" काकींनी पलंगाकडे बोट दाखवलं. "मगे तेका दारू नको आसा, आप्पा. ती ह्येंकाच व्हयी."

 काकी स्वतःही भ्यायलेल्या होत्या, मला स्पष्ट दिसत होतं. चुकल्या असत्या तर नवरा गेला असता आणि खापर जन्मभर त्यांच्याच डोक्यावर फुटलं असतं. तेवढ्यात आतून धपकन आवाज आला. काका जमिनीवर, अंग ताठ, दातखीळ बसलेली, तोंडाला फेस. आप्पांनी बाटली तिथेच ठेवली आणि काकांचे पाय धरले. आम्ही त्यांना चादरीत घालून खाली आणलं आणि रिक्षाने हॉस्पिटलात नेलं. वाटेत काकी एकच विचारत होत्या, "मी मारलंय काय गो तेंका?" 

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "अशी अचानक सोडायची नसते. इतक्या वर्षांची दारू एकदम थांबली की शरीर बिथरतं. फिट येते, नाही ते दिसतं, जीवही जातो. सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन. हा आजार आहे." मग काकींकडे बघून म्हणाल्या, "वेळेवर आणलंत." काकी तिथेच फरशीवर बसल्या.

काही दिवसांनी काका माणसांत आले. त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात पाठवा, नाहीतर घरी गेल्यावर पुन्हा तेच, असं डॉक्टरांचं म्हणणं. काका ऐकेनात. "मी काय दारुडो आसंय? राखणदाराचा माका लागला होता." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तसेच घरी आले असते तर पुढच्या खेपेला आम्ही त्यांना हॉस्पिटलपर्यंत पोचवू शकलो नसतो, हे काकींना आणि मला पुरतं कळलेलं होतं.

तेव्हा काकींनी त्यांना सकाळच्या बाटलीचं सांगितलं. काहीच न वगळता, हळूहळू.  मला वाटलं, आता काका चिडतील. पण त्यांनी विचारलं, "म्हणजे बापूस इल्लो नाय?"

"नाय," काकी म्हणाल्या.

"दोन्ही खेपेक नाय?"

"नाय हो."

काका लहान पोरासारखे रडले. मेलेल्या बापाची भीती त्यांना वाटत होतीच, पण तो आपल्याला बघायला येतो ह्याचा आधारही होता, हे मला तेव्हा समजलं. दारूने तोही खोटाच दिला होता. डोळे पुसून ते म्हणाले, "खंय जावचा ता सांगा. जातंय मी."

ते केंद्रात राहून आले. अंग भरलं, गोळ्या सुरू राहिल्या, दर आठवड्याला दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला भांडुपला जायला लागले. गाऱ्हाणं घालणं सोडलं. आप्पांनी आग्रह केला नाही, पण बाकीच्यांना चुटपुट लागायची, की दारूशिवाय का होईना, काकांनी निदान उभं राहावं. काका नुसतं हात जोडायचे.

मागच्या शिमग्याला खाली पिंपळाजवळ मांडव उभा राहिला. बाटल्या आल्या, वास जिन्यातून वर आला. काका आणि काकी माझ्या दारात उभे. "बाय, जरा बसतंव तुझ्याकडे," काका म्हणाले. मी दार लावून घेतलं, चहा ठेवला. खाली कुणीतरी नवखा गाऱ्हाणं घालत होता, अडखळत होता. काका खुर्चीच्या कडेला बसले होते, दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून. हात थरथरत होते का, ते बघायचं धाडस मला झालं नाही. काकी त्यांच्या शर्टाचं टोक धरून बसल्या होत्या.

"कडी लागली मा?" काकांनी विचारलं.

"लागली काका."

थोड्या वेळाने पुन्हा, "नीट लागली मा गो?"

मी उठले, कडी हलवून दाखवली. "घट्ट आहे, बघा."

त्यांनी मान हलवली. कडी आतून होती, आणि दारापासून सगळ्यांत जवळ तेच बसले होते.