गाडी चार बोटं खाली आणली, आणि उडीद पेटला

मंडळी, आत्ताच घरी पोचलोय, आणि आधी हेच लिहितोय.

रविवारी मद्रासजवळच्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींची शर्यत आहे. गाडी चालवणार माझा चुलतभाऊ वेंकोबा, ती जुळवणारा मी. वळणावर कलू नये म्हणून मी गाडी चार बोटं खाली आणली, स्प्रिंगा कडक केल्या, टायरात हवा ठासून भरली. आज सकाळी दोघे पट्टीश्वरमच्या रस्त्यावर चाचणीला निघालो.

सध्या उडदाची काढणी चालू आहे, हेच मी विसरलो. आमच्याकडे, तमिळ मुलुखात, उडदाची सुकी झाडं रस्त्यावरच पसरतात. येणाऱ्याजाणाऱ्या चाकांखाली मळणी होते.

वळलो, आणि समोर उडीदच उडीद! वेंकोबाने ब्रेक दाबला. कडक टायर साबणावरून घसरावेत तसे घसरले. गाडी कालव्याच्या अगदी काठावर आडवी थांबली.

सुटलो म्हणतोय तोच पायाखालून धूर! गाडी इतकी खाली, की तापलेल्या सायलेन्सरला अडकून झाडं पेटली होती. मागे पेट्रोलची भरलेली टाकी.

उडीद राखणारी बाई ओलं गोणपाट घेऊन धावली. आम्ही ओंजळीओंजळीने माती टाकली. आग विझली. मी माफी मागणार, तोच ती तमिळमधे कडाडली, "माझ्या उडदात माती कालवलीत! आता बसा, पाखडून द्या."

बसलो. सूप हलवता हलवता वेंकोबाने हळूच विचारलं, "अण्णा, रविवारीही गाडी तूच जुळवणार ना?"

"हो" म्हणायचं सोडून मी सुपातली ढेकळं वेचत राहिलो.

मंडळी, आपल्या माणसाचा जीव आपल्या हातातल्या पान्यावर असतो, तेव्हा तुम्ही "हो" कसं म्हणता?