आठल्यांचा मोची

काशीत दुर्गाघाटावरच्या आठल्यांच्या घरात सात पिढ्या पळी आणि दर्भ यांखेरीज कुणी काही हातात धरलं नव्हतं. त्या घरातला धाकटा ढुंढिराज वेदपाठशाळेतून पळाला आणि फौजेत भरती झाला. थोरले नीलकंठशास्त्री यजमानांना सांगायचे, "धाकटा सरकारी कामावर आहे."

पासष्टच्या लढाईत ढुंढिराजानं तोफांच्या माऱ्यातून एका जखमी माणसाला पाठीवर घालून मैलभर मागं आणलं. त्यात त्याचं डावं पाऊल अर्धं गेलं, पण शौर्यपदक मिळालं. नीलकंठशास्त्री लगेच "आमचा ढुंढिराज" म्हणू लागले.

जखमी माणूस होता गंगादीन, पलटणीचा मोची, राहणारा रामनगरचा. इस्पितळात ढुंढिराजाच्या अर्ध्या पावलाला कुठलाच बूट बसेना. गंगादीननं खाटेवर बसून त्याला बूट शिवून दिला. ढुंढिराज शेजारच्या खाटेवरून बघत राहिला आणि बघता बघता कसब शिकला. फौज सुटल्यावर दोघांनी मिळून जोड्यांचं दुकान काढायचं ठरवलं.

नीलकंठशास्त्र्यांनी हात जोडले. "निदान नदीपलीकडे तरी बस बाबा. मधे गंगा आहे, तेवढ्यानं आमचं भागेल."

म्हणून दुकान रामनगरला निघालं.

कालिंदीला लग्न ठरवताना 'मुलाचा रामनगरला कारभार आहे' एवढंच सांगितलं होतं. आठव्या दिवशी तिनं नवऱ्याच्या हाताला येणारा वास ओळखला.

"कसला कारभार आहे हो तुमचा?"

"जोडे शिवतो. तुझ्या चपलेचा पट्टा सुटलाय, दे इकडे."

दोन दिवस ती माहेरी ग्वाल्हेरला निघून जायचा विचार करत होती. तिसऱ्या दिवशी चप्पल परत आली. इतकी सुखाची चप्पल तिनं जन्मात घातली नव्हती. माहेर राहून गेलं.

दर सव्वीस जानेवारीला गल्लीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष दिनानाथराव ढुंढिराजाला खुर्चीवर बसवून शाल घालत. भाषणात पहिल्या वर्षी शत्रूचे दोन रणगाडे होते, विसाव्या वर्षी नऊ झाले. ढुंढिराजानं एकही पाहिला नव्हता. भाषणानंतर पंगत बसे, तेव्हा वीराचं पान खांबापाशी वेगळं मांडलेलं असे.

"पाय लांब करायला बरं पडतं ना त्यांना," दिनानाथराव समजावत.

"पाय अर्धाच आहे," कालिंदी म्हणे. "लांब किती करणार?"

हेच दिनानाथराव आपल्या झिजल्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या दारानं कालिंदीकडे पोचत्या करत. "रामनगरला जाणारच आहेत, तर जाता जाता…"

त्र्याण्णवच्या डिसेंबरात, भर दुपारी, कुणाचा तरी बूट मांडीवर असतानाच ढुंढिराजाचं हृदय थांबलं. गंगादीननं त्याला होडीत घातलं आणि घाटावर आणलं. नीलकंठशास्त्री धावत पायऱ्या उतरले. भावाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्यांनी विचारलं, "प्राण कुठं गेला?"

"दुकान में ही, पंडितजी."

शास्त्रीबुवांनी घाटावर कुणी ऐकलं का ते पाहिलं. काशीत मेला तर मोक्ष आणि पलीकडे रामनगरला मेला तर पुढचा जन्म गाढवाचा, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ. यजमानांना काय सांगायचं?

"कालिंदी, असं म्हणू या," ते हळूच म्हणाले, "मध्यधारेपर्यंत धुगधुगी होती. अलीकडे आल्यावर गेला."

"भाऊजी, ते दुकानात गेले. विचारेल त्याला मी तसंच सांगणार. गाढव झाले तर होऊ देत. या जन्मी सगळ्या गल्लीच्या चपला वाहिल्याच त्यांनी."

छावणीतून एक तरुण कॅप्टन तिरंगा आणि चार जवान घेऊन आला. वर्दी दिसताच सगळी गल्ली दारात लोटली. दिनानाथराव फोटोवाल्यासकट तिरडीच्या पुढच्या दांड्याशी जाऊन उभे राहिले. गंगादीन पार लांब, गल्लीच्या तोंडाशी उभा होता.

"पहिला खांदा गंगादीनचा," कालिंदी म्हणाली.

"अगं, शास्त्रात असं कुठं…" नीलकंठशास्त्री कुजबुजले.

"ये कौन हैं?" कॅप्टननं विचारलं.

"ज्यांना यांनी पाठीवरून आणलं, ते हेच," कालिंदीनं सांगितलं.

कॅप्टननं गंगादीनला सलाम ठोकला आणि दांड्याशी जागा करून दिली. वर्दीपुढं शास्त्रीबुवांना शास्त्र आठवेनासं झालं. दिनानाथराव मागे रेटले गेले. फोटोत त्यांचा एक कान तेवढा आला.

तेराव्याला कालिंदीनं गंगादीनचं पान पंगतीत, मधोमध मांडलं. ते दिसताच दिनानाथरावांना पित्त झालं, दोघांना गावाला जायचं आठवलं, कुणाच्या घरी अचानक पाहुणे आले. पाहता पाहता अकरा पानं रिकामी झाली. नीलकंठशास्त्री यजमान म्हणून उठू शकत नव्हते. डोळे मिटून ते भाताचा घास घेत राहिले.

कालिंदीनं वाढपाचं भांडं खाली ठेवलं, रिकाम्या पानांतलं एक ओढलं आणि गंगादीनशेजारी जेवायला बसली. तेरा दिवसांत ती रडली नव्हती. पहिला घास तोंडात गेला आणि तिला रडू फुटलं. गंगादीन खाली मान घालून जेवत होता. त्यानं पाण्याचा तांब्या तेवढा तिच्याकडे सरकवला.