साडेपाचच्या एसटीने हरवलेली लढाई

भोरच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान होतं. एकदा एक पाहुणा छोट्या सैनिकांच्या लढाईच्या खेळाचे नियम झेरॉक्सला घेऊन आला आणि मी त्याला न विचारता एक प्रत जास्तीची काढून घेतली. माझ्या डोक्याचा ताप तिथून सुरू झाला. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे, ल्यूडोचे फासे आणि दुकानामागच्या खोलीतलं मोठं टेबल, एवढ्यावर आम्ही दर वर्षी एका रविवारी स्पर्धा भरवायला लागलो.

जिंकलं कोण, हे समजावून सांगताना माझा घसा बसायचा. टेबलावर पाच जागा: पूल, विहीर, खिंड, वाडी आणि गडाचा दरवाजा. दोघांनी सहा-सहा खेळ्या करायच्या आणि शेवटी ज्याच्या ताब्यात जास्त जागा, तो जिंकला. किती मेले याला काडीची किंमत नाही. तरी प्रत्येक जण विचारायचाच, "पण लई कुणाचे मेले?"

त्यात निम्मे गडी वेल्ह्याकडचे, साडेपाचच्या एसटीने परत जाणारे. म्हणून मीच शहाणपणा करून एक नियम वाढवला: एसटी लागली की डाव असेल तिथे थांबवायचा आणि जागा मोजायच्या.

त्यांतलेच मार्गासनीचे एक काका, भातशेती करणारे, लागोपाठ दोन वर्षं शेवटच्या डावाला माझ्यासमोर आले. एक मावळा हलवायला त्यांना दहा मिनिटं लागायची. "काका, आटपा," म्हटलं की म्हणायचे, "इचार तर करू द्या. माणसं मरत्यात." चौथ्या खेळीला एसटी लागायची. तीन जागा त्यांच्या, दोन माझ्या. माझे घोडेस्वार पुढच्या खेळीत खिंडीवर तुटून पडणार असायचे आणि काका पिशवी उचलून चालू लागायचे. असा संताप यायचा की विचारू नका. वर्षभर मी दुकानात येईल त्याला सांगायचो, खरा जिंकलेला मीच, मला हरवलं ते एसटीने.

तिसऱ्या वर्षी मी सकाळीच स्कूटरमध्ये पेट्रोल भरून ठेवलं. शेवटच्या डावाला पुन्हा काकाच समोर आले. एसटी लागल्यावर म्हटलं, "काका, बसा. तुम्हाला घरी मी सोडतो, पण आज डाव पुरा करायचा."

"व्हय? मग काय घाई न्हाई," म्हणाले, आणि चहा मागवला.

पाचव्या खेळीत माझे घोडेस्वार खिंडीत शिरले. काकांनी ती वाट त्यांच्यासाठीच मोकळी ठेवली होती. सहावी खेळी संपली तेव्हा पाचही जागा त्यांच्या होत्या आणि माझा एकुलता एक मावळा टेबलाच्या कडेला उभा होता. कुणाचे किती मेले, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही.

मार्गासनीपर्यंत काका मागे बसून, आपल्या मावळ्यांचा खोका मांडीवर धरून, मला ती खिंड समजावत होते. "मागल्या दोन्ही सालीबी हेच करणार हुतो," म्हणाले. "एसटीनं घोटाळा केला."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच पहिल्या गिऱ्हाइकाने विचारलं, यंदा तरी डाव पुरा झाला का. झाला म्हटलं, आणि पुढच्या वर्षीपासून एसटीचा नियम कडक पाळायचा ठरलाय, हेही सांगून टाकलं.