दादाची अर्धी ओळ

दादा खुर्चीतच एका अंगाला कलला तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात होते. "माऊ, एंटर... एंटर लागू देऊ नकोस," एवढंच म्हणाला. हात कीबोर्डवरच्या त्या मोठ्या बटणाच्या बोटभर वर लोंबत होता. पडद्यावर ओळ अर्धीच, आणि तिच्या शेवटी कर्सरची काडी लुकलुकत होती.

माझा भाऊ घरी बसून हॉस्पिटलची कॉम्प्युटर मशीनं सांभाळायचा. चित्रं नाहीत, माऊस नाही, नुसता काळा पडदा नि पांढरी अक्षरं. मी कसली शिकलेली, पण त्याच्या शेजारी भाजी निवडता निवडता चार बटणं मलाही पाठ झाली. कंट्रोल नि ए दाबलं की काडी ओळीच्या तोंडाशी. कंट्रोल नि यू दाबलं की ओळ गायब. मशीनवरचं काही पुसायचं असलं की तो सगळ्यात आधी ओळीच्या तोंडाशी एक जाळीसारखी खूण, हॅश, टाकायचा. ती असली की एंटर लागलं तरी काही होत नाही. मग ओळ मोठ्याने वाचायचा, परत वाचायचा, आणि मगच खूण काढायचा. ऑफिसातले त्याला गोगलगाय म्हणायचे.

मी म्हणायचे, "दादा, एवढ्यात माझा स्वैपाक होतो."

"तुझं मीठ जास्त पडलं तर आपण दोघंच तोंड वाकडं करतो. इथे लोकांचे रिपोर्ट जातील. अर्धी ओळ सगळ्यात वाईट गं. जुने तेवढे पुसायचे असतात, अर्ध्यात एंटर लागलं तर सगळेच जातात."

तीच अर्धी ओळ समोर, नि त्याचा हात खाली येत चाललेला. मी एका हाताने तो तोलून धरला. काय जड झाला होता. दुसऱ्या हाताने कंट्रोल नि यू. वाटलं, आता माझ्याच हातून घात होतो. ओळ गेली. मग त्याला खाली निजवलं, शेजारच्या वहिनींना हाका मारल्या, गाडी आली. त्याच हॉस्पिटलात नेलं. तिथल्या बाईंनी मशीनवर त्याचे जुने रिपोर्ट काढले. एकही गहाळ नव्हता. दादा मात्र राहिला नाही.

ती खोली मी उघडलीच नाही. मशीन आत चालूच. आपोआप काही होईल म्हणून धास्ती वाटायची, भांडं पडलं तरी दचकायचे.

मग ऑफिसातला त्याचा जोडीदार आला. गोगलगाय हे नाव त्यानंच ठेवलेलं. "ताई, काय करत होता ते बघतो," म्हणत त्याने कंट्रोल नि वाय दाबलं. पुसलेली ओळ जशीच्या तशी परत!

"हात काढा आधी!" मी किंचाळलेच.

त्याने काढला. ओळ वाचली. "ताई, खूण नाहीये."

दादा आणि खूण विसरला? म्हणजे सकाळपासूनच त्याला बरं नसणार. बोलला नाही मला.

"तुम्ही टाका," तो म्हणाला. मी काडी तोंडाशी नेली, खूण टाकली. त्याने ओळ मोठ्याने वाचली. परत वाचली. "खूण राहू दे, ओळ तशीच जाऊ द्या," म्हणाला. मी डोळे गच्च मिटून एंटर दाबलं.

काहीच झालं नाही. खालच्या ओळीवर काडी लुकलुकत राहिली.