मुलं गाडीतून उतरली

त्रीनू एस्टोनियातल्या एका खेड्यातली. शाळा संपली, पुढचं काही ठरेना, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या आडरानातल्या एका गुरांच्या फार्मवर मुलं सांभाळायला आली. खाणं-राहणं घरच्यासारखं, वर हातखर्च. मुलांची आई लीअॅन नर्स होती, बरेच दिवस शहरात असायची. मग घरात हुकूम चालायचा तो तिच्या वडिलांचा, मर्व यांचा.

त्या दुपारी पोहण्याच्या शर्यतींहून सगळे परतत होते. गाडी मर्वच चालवत होते. इथं कडक ऊन, पण वर कुठंतरी पाऊस कोसळला असावा. घराअलीकडचा ओढा तांबडालाल होऊन फरशी पुलावरून वाहत होता.

मर्वनी पाण्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला.

"थांबा," त्रीनू म्हणाली. "पाण्याची खोली दाखवणारा खांबसुद्धा दिसत नाहीये."

"तुझ्या जन्माआधीपासून ओलांडतोय मी हा ओढा. गप बस."

"तुम्ही जा. मुलं येणार नाहीत."

"नातवंडं माझी आहेत, पोरी."

"असतील. लीअॅननं ती माझ्यावर सोपवलीत."

ती खाली उतरून मुलांचे पट्टे सोडवू लागली. छोट्या डार्सीचा पट्टा सुटता सुटेना, शेवटी एकदाचा सुटला. सहा वर्षांच्या टेसनं आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं खाली उतरली.

"उद्या घरी जायची तयारी कर," मर्व म्हणाले आणि गाडी पाण्यात घातली.

मध्यावर मागची चाकं उचलली गेली. गाडी तिरकी होत पुलावरून घसरली आणि खालच्या अंगाला एका झाडाला अडकली. मर्व कसेबसे खिडकीतून टपावर चढले.

"आजोबा!" टेस किंचाळली.

त्रीनू गुडघाभर पाण्यात शिरली होती. ती थबकली. आपण वाहून गेलो तर मुलांना कोण? ती मागे फिरली.

"फांदी धरा, मर्व. पोहायचं नाही!" मग टेसकडे वळून, "डार्सीचा हात सोडायचा नाही. इथंच बसायचं."

फोनला रेंज नव्हती. पण शेजारच्या नोलीनबाई शर्यतींहून मागून येत होत्या, हे तिला ठाऊक होतं. ती मुलांवर नजर ठेवत वळणापर्यंत पळाली आणि ट्रक दिसताच दोन्ही हात हलवत रस्त्यात उभी राहिली.

नोलीनबाईंनी ट्रकचा दोर फेकला. तिसऱ्यांदा तो मर्वच्या हाती लागला. काठावर आले तेव्हा त्यांचे दात वाजत होते.

रस्ता बंद, म्हणून मुक्काम ओढ्याच्या अलीकडेच राहणाऱ्या नोलीनबाईंकडे पडला. लीअॅनचा फोन आला.

"माझं ऐकलंच नाही या पोरीनं," मर्व म्हणाले. आणि लगेच पुढे, "तिला ठेवून घे."

त्रीनू तोवर न्हाणीघरात दार लावून रडत होती. पाऊसकाळ संपेपर्यंत ती राहिली. मर्व कुरकुरायचे, पण ओढ्याशी आले की गाडी थांबवून तिच्याकडे पाहायचे.